खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी घरच्या घरी दगड : सिमेंट कालवण्यापासून टाकीत उतरवण्यापर्यंत

खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यांदा उभारणाऱ्याला काच, पंप, दिवे आणि मीठ यांचा हिशेब लवकर जमतो; घोडे अडते ते दगडापाशी. गोड्या पाण्याच्या टाकीत दगड बहुधा शोभेला असतो. रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, मात्र तोच मुख्य गाळणी असतो, कारण त्याच्या छिद्रांमध्ये वाढणारे जिवाणू माशांच्या उत्सर्जनातून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. म्हणून दगड सच्छिद्र हवा, पाण्यात नको ते काही सोडणारा नको, आणि मासे व झिंगे यांनी खालची वाळू उकरली तरी न डळमळणारा हवा.

समुद्रातून काढलेला, जिवाणू आणि सूक्ष्मजीव अंगावर घेऊन आलेला ‘लाइव्ह रॉक’ या साऱ्या अटी पुऱ्या करतो. परंतु भारतात तो मिळवण्याचा सरळ मार्ग नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूची १ मध्ये २००१ साली रीफ बांधणाऱ्या सर्व दगडी प्रवाळांचा समावेश झाला. त्यांच्यासोबत काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखेही आले. मेलेला प्रवाळही या कायद्यातून सुटत नाही, त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला पांढरा तुकडा पिशवीत टाकून आणणे हाही पर्याय समजू नये. परदेशातही ही अडचण जुनी आहे. प्रवाळभित्तींवरून दगड काढण्यावर निर्बंध येत गेले, तसे तिकडच्या हौशी लोकांनी सिमेंट आणि शिंपल्यांपासून दगड बनवायला घेतले. अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या गार्फ या संस्थेने ‘अॅरागोक्रीट’ या नावाने ही कृती लोकप्रिय केली. पुढे दिलेली पद्धत त्याच कुळातली असून आपल्याकडे मिळणाऱ्या वस्तूंना जुळवून घेतलेली आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. दगड घडवणे हे एका दुपारचे काम आहे. तो टाकीत घालण्याजोगा करणे हे त्यापुढच्या दीड ते दोन महिन्यांचे काम आहे. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये आणि बाजारातला चिनी मातीचा सच्छिद्र दगड विकत घ्यावा. या पद्धतीत जे काही बिघडते त्यातले बहुतेक घाईमुळे बिघडते.

१. आधी चुन्याचे गणित समजून घ्या

सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते तेव्हा त्या क्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना, मुक्त होतो. शाळेत प्रयोगाला वापरलेल्या चुन्याच्या निवळीचा पीएच साधारण १२.४ असतो, ताज्या सिमेंटच्या दगडातून पाझरणारे पाणी त्याच्या आसपासचे किंवा त्याहूनही तीव्र असते. रीफ टाकीतले पाणी ८.१ ते ८.४ या अरुंद पट्ट्यात राहावे लागते. पीएचमधील प्रत्येक एक अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक असल्यामुळे, १२ आणि ८ यांच्यातील अंतर कागदावर दिसते त्याहून कितीतरी मोठे आहे.

चुना स्वतः विष नाही. प्रवाळ पाळणारे अनेकजण कॅल्शियम टिकवण्यासाठी चुन्याची निवळी थेंबाथेंबाने टाकीत सोडतात. प्रश्न मात्रेचा आहे. वीस किलो कच्चा दगड टाकीत उतरवला तर पीएच चढतो, पाण्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम पांढऱ्या गाळाच्या रूपाने बाहेर पडतात, हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पुटे चढतात, आणि पाणी दुधाळ होते. शिवाय पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा अधिक भाग विषारी स्वरूपात राहतो. त्यामुळे एरवी मासे सोसतील एवढा अमोनियाही अशा पाण्यात जीवघेणा ठरतो.

चुना जातो दोन वाटांनी: पाण्यात विरघळून बाहेर पडतो, किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनतो. हे कार्बोनेट म्हणजेच प्रवाळाच्या सांगाड्याचे आणि शिंपल्याचे द्रव्य, म्हणून दुसऱ्या वाटेने गेलेला चुना दगडाला उलट लाभदायक होतो.

२. साहित्य जमवा

पांढरे सिमेंट : यात लोह कमी असते आणि रंग स्वच्छ येतो. पिशवीवर ‘व्हाइट पोर्टलँड सिमेंट’ असे शब्द आणि आयएस ८०४२ हा मानक क्रमांक पाहून घ्यावा. येथे पहिला सापळा आहे. हार्डवेअरच्या दुकानात ‘व्हाइट सिमेंट द्या’ म्हटल्यावर पुष्कळदा वॉल पुट्टीची पिशवी पुढे येते. दोन्हींचे रंग सारखे, कंपन्याही त्याच, पण पुट्टीत पॉलिमर आणि इतर रसायने मिसळलेली असतात आणि ती टाकीला चालत नाहीत. टाइल चिकटवण्याचे मिश्रण, झटपट घट्ट होणारे सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगची पावडर यांनाही हेच लागू आहे.

राखाडी सिमेंट वापरायचे असल्यास ओपीसी (साधे पोर्टलँड सिमेंट) घ्यावे. आपल्याकडे घरबांधणीला सर्रास मिळणाऱ्या पीपीसीमध्ये औष्णिक वीज केंद्रांतली राख मिसळलेली असते. ही राख काही चुना बांधून ठेवते हे खरे, परंतु ती कोणत्या कोळशाची आणि तीत कोणते धातू आहेत हे पिशवीवरून कळत नाही, म्हणून प्रवाळांच्या टाकीसाठी मी ते टाळतो.

शिंपल्यांची कणी : कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शेल ग्रिट या नावाने मिळते, आणि या कामासाठी तिच्याहून चांगली व स्वस्त वस्तू नाही. दोन ते आठ मिलिमीटरचे मिश्र आकार असावेत. घरी तिसऱ्या किंवा कालवे होत असतील तर त्यांची टरफले साठवावीत, उकळावीत, आतले मांस ब्रशने घासून काढावे, कडक उन्हात वाळवावीत आणि गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडावीत. मांसाचा अंश राहिलेला शिंपला दगडाच्या पोटात महिनोन्‌महिने कुजत राहतो आणि पाण्यात फॉस्फेट सोडतो. मोठे शंख मात्र फोडू नयेत. काही शंख-शिंपल्यांनाही वर सांगितलेल्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

बारीक अॅरागोनाइट वाळू (अॅरागोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेटचेच एक खनिज रूप) : मत्स्यालयाच्या दुकानातली, पिशवीबंद. नसल्यास शिंपल्यांचीच बारीक चाळलेली पूड चालते. ‘कोरल चुरा’ म्हणून सुटा विकला जाणारा माल कुठून आला याची खात्री नसते, तेव्हा तो घेऊ नये.

जाडे मीठ : मिठागरातले, शक्यतो खड्याचे. दळलेल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून इतर पदार्थ घातलेले असतात, आणि त्याचे कण इतके बारीक असतात की कालवतानाच ते विरघळून जाते.

याशिवाय घमेले, थापी, एक ठरलेले माप (जुना डबा पुरेल), मासळीचा थर्माकोलचा खोका किंवा उथळ प्लास्टिक टब, पीव्हीसी पाइपचे तुकडे, गोणपाट, झाकण असलेले पिंप, रबरी हातमोजे, मास्क, चष्मा, रुंद पट्ट्याचा पीएच कागद आणि खाऱ्या पाण्यासाठीचा पीएच चाचणी संच.

काय घेऊ नये, तेही सांगतो. नदीची वाळू आणि क्रशरची वाळू नको. महाराष्ट्रातली क्रशरची वाळू बहुतांशी काळ्या बेसाल्टची असते आणि बेसाल्टमध्ये लोह असते. किनाऱ्यावरची वाळू तर नकोच. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या काही पुळणींवर दिसणारे काळे पट्टे इल्मेनाइटचे, म्हणजे लोह व टायटॅनियमच्या खनिजाचे असतात. सिमेंटमध्ये घालायचे रंग नकोत. आणि आधारासाठी लोखंडी तार किंवा जाळी कदापि नको. मिठाच्या सान्निध्यात ती गंजते, फुगते, दगड आतून फोडते आणि टाकीत लोह सोडते.

३. किती आणि कोणत्या आकाराचे, हे कागदावर ठरवा

नैसर्गिक दगडाबाबत दर लिटर पाण्याला साधारण १२० ते १८० ग्रॅम असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला १२ ते १८ किलो. हातचा दगड त्याहून जड निघतो, त्यामुळे वजनाच्या मागे लागण्यापेक्षा दगडांनी टाकीची सुमारे पाव जागा व्यापावी असे धोरण ठेवावे. पाण्याला दगडांच्या मागून आणि खालून वाहायला वाट राहिली पाहिजे. मागच्या काचेला टेकवलेली भिंत उभारली की तिच्या पाठीमागे घाण साचते आणि तिथे हात पोहोचत नाही.

टाकीच्या तळाच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून जमिनीवर पसरावा आणि त्यावर दोन-तीन पायाचे दगड, दोन पातळ फळ्यांसारखे तुकडे, एक कमान असा आराखडा खडूने काढावा. प्रवाळ ठेवायला सपाट कट्टे लागतात, मासे लपायला बोगदे लागतात. टाकीच्या वरच्या पट्टीमुळे उघडी राहणारी फट मोजायला विसरू नये. कमान कितीही देखणी असली तरी ती आत गेली पाहिजे. कोणताही एक दगड एका हाताने उचलता येईल एवढाच ठेवावा. ओला दगड निसटून काचेवर पडला तर पुढचे काही लिहिण्यासारखे राहत नाही.

४. साचा तयार करा

खोक्यात चार-पाच बोटे जाडीचा थर पसरून त्यात हाताने खळगे करायचे आणि त्या खळग्यांत मिश्रण भरायचे, एवढाच हा साचा. थर कशाचा असावा हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्यातले कण दगडाच्या अंगाला चिकटतात आणि तिथेच कायमचे राहतात. बांधकामाची ओली वाळू वापरली तर ज्या वाळूला आपण मिश्रणात प्रवेश दिला नाही तीच पाठीवर बसून टाकीत जाते. म्हणून थर जाड्या मिठाचा किंवा शिंपल्यांच्या कणीचा असावा. मीठ अधिक सोयीचे, कारण ते पुढे विरघळून जाते आणि पृष्ठभागावर खडबडीत खाचा सोडते.

खळगा सुबक करू नका. कडा वाकड्या ठेवा, मध्येच बोट खुपसून खड्डे करा. बोगदा हवा असल्यास मिठाचा ओलसर ढीग दाबून मध्ये उभा करावा आणि त्याच्याभोवती मिश्रण रचावे. एकावर एक बसणाऱ्या दगडांसाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा रोवून आरपार भोक ठेवावे. पुढे त्याच भोकांतून बारीक पाइप किंवा अॅक्रिलिकची कांडी घालून दगड एकमेकांत गुंफता येतात आणि गोंद लागत नाही. पाइपला बाहेरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर तो नंतर सहज निघतो. काहीजण पोकळीसाठी मॅकरोनी किंवा शेवया घालतात. त्या कुजतात, तेव्हा मीठ असताना त्यांची गरज नाही.

५. कालवा

प्रमाण आकारमानाने, एकाच डब्याने मोजून:

पांढरे सिमेंट १ माप
शिंपल्यांची कणी २ मापे
बारीक अॅरागोनाइट वाळू किंवा शिंपल्यांची पूड १ माप
जाडे मीठ दीड ते २ मापे

मीठ दोन मापांच्या वर नेले की दगड अधिक सच्छिद्र होतो खरा, पण कोपरे हातात येऊ लागतात. पायाच्या दगडांना दीड माप ठेवावे आणि वरच्या, भार न पेलणाऱ्या दगडांना दोन.

सिमेंटची पूड उडत असताना मास्क आणि चष्मा लावलेला असावा, आणि ओल्या सिमेंटला उघड्या हाताने स्पर्श करू नये. ते लगेच झोंबत नाही, म्हणूनच घातक आहे. तासाभराने कातडी लाल होते आणि भाजल्यासारखी सोलून निघते. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना त्या दुपारी दूर ठेवावे.

सिमेंट, कणी आणि वाळू कोरडीच एकजीव करावी. मग पाणी थोडे थोडे शिंपडत कालवावे. नवख्यांचा हात येथे हमखास सैल सुटतो. गवंडी प्लास्टरला कालवतो तसा माल आपल्याला नको आहे. मुठीत दाबल्यावर त्याचा लाडू वळला पाहिजे आणि बोटांच्या फटींतून पाण्याचा थेंब गळता कामा नये. पातळ मिश्रणात सिमेंटचे पाणी खाली उतरते, छिद्रे बुजतात आणि दगडाचे अंग फरशीसारखे गुळगुळीत निघते. मीठ अगदी शेवटी घालून दोन-चार वेळा वरखाली करावे, म्हणजे खडे शाबूत राहतात. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढेच कालवावे. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो जिवंत होत नाही.

६. भरा, आणि दाबू नका

मिश्रणाचे मूठ-मूठ गोळे खळग्यात एकमेकांना टेकतील असे टाकावेत. थापीने चोपण्याचा मोह आवरावा. गोळ्यांमध्ये राहिलेल्या फटी हीच जिवाणूंची आणि पाण्याची वाट आहे. फक्त दोन गोळ्यांचा सांधा जेथे भार घेणार आहे, उदाहरणार्थ कमानीचा पाय, तेथे बोटाने दाबून माल एकजीव करावा. सारे भरून झाल्यावर वरून मूठभर कणी आणि मीठ भुरभुरावे व ब्रशच्या दांड्याने चार-सहा तिरकी भोके पाडावीत. भोके एकाच अंतरावर आणि एकाच दिशेने पडली तर टाकीत ती लगेच डोळ्यांत भरतात.

७. सावलीत मुरू द्या

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होते. बांधकामावर स्लॅबला दिवसेंदिवस पाणी मारतात ते याचसाठी. खोका सावलीत ठेवावा, वर ओले गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक झाकावे. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर उघडा ठेवलेला दगड वरून टणक दिसतो आणि आत भुसभुशीत राहतो.

दोन दिवस हात लावू नये. तिसऱ्या दिवशी दगड कडेने नव्हे, खालून दोन्ही हात घालून बाहेर काढावेत, पाइप हलकेच फिरवून ओढून घ्यावेत आणि दगड पुन्हा आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत. या आठवड्यात गोणपाट सुकता कामा नये. सिमेंटची ताकद मोजण्याची प्रमाणित मुदत २८ दिवसांची आहे. आठवड्याने दगड हाताळण्याजोगा होतो, पूर्ण बळकट होत नाही. अशा दगडाच्या एखाद्या कडेचा टवका उडाला तर तो फेकू नये. पुढे चाचणीला तोच कामी येतो.

८. पाण्यात बुडवा : खरे काम येथून

पिंपात दगड घालून ते बुडतील एवढे साधे नळाचे पाणी भरावे. पहिल्या दिवसात मीठ विरघळू लागते आणि दगड पोकळ होत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाण्यावर पातळ पांढरा पापुद्रा धरतो. तो मीठ नव्हे. पाझरलेल्या चुन्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून बनवलेले ते कार्बोनेट आहे आणि ते दिसणे हे काम चालू असल्याचे लक्षण आहे. तो बोटाने मोडला की काचेच्या पातळ चुऱ्यासारखा तळाशी जातो.

पहिला आठवडा रोज पाणी बदलावे, नंतर दोन-तीन दिवसांनी एकदा. पाणी न बदलता महिनाभर भिजत ठेवणे निरुपयोगी आहे, कारण पाणी चुन्याने संपृक्त झाले की दगडातून आणखी चुना निघत नाही. जुना एखादा पंप पिंपात फिरता ठेवला तर काम लवकर होते, आणि एअर पंपाच्या नळीला बुडबुडे काढणारा सच्छिद्र खडा लावून सोडला तर हवेतला कार्बन डायऑक्साइडही पोहोचतो. मधूनमधून दोन दिवस दगड बाहेर काढून हवेवर ठेवावेत. ओलसर दगड हवा चांगली शोषतो.

पावसाळ्यात हे काम काढले तर पागोळ्यांखाली दगड मांडून ठेवावेत. पावसाचे पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असल्यामुळे चुना झपाट्याने ओढते, आणि पाणी बदलण्याचा त्रासही वाचतो.

सांडपाण्याबद्दल दोन शब्द. पहिल्या आठवड्याचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी असते. ते कुंड्यांत, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये, भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडावे. पिंपाला झाकण अवश्य असावे. सुरुवातीच्या तीव्र पाण्यात डास होत नाहीत, पण पीएच उतरल्यावर तेच पिंप डासांना पसंत पडते, आणि डेंग्यूच्या मोसमात महापालिकेची माणसे गच्च्या तपासायला येतात.

व्हिनेगरची युक्ती कोणीतरी तुम्हाला सांगेलच. व्हिनेगर वरचा चुना मारतो, आतला नाही. शिवाय चुन्याइतक्याच आनंदाने ते शिंपलेही खाते. दुसऱ्या दिवशी पीएच चांगला दिसतो आणि आठवड्याने पुन्हा वर जातो. वेळ वाचल्याचा तो केवळ भास असतो.

९. चाचणी घ्या, आणि नीट घ्या

चार आठवड्यांनंतर चाचणीला सुरुवात करावी. खाऱ्या पाण्याचे थेंबांचे संच साधारण ७.४ ते ८.८ एवढेच दाखवतात. पाणी ११ असले तरी रंग ८.८ चाच येतो आणि ‘थोडेच राहिले’ असा गैरसमज होतो. म्हणून आरंभी रुंद पट्ट्याचा कागद, आणि तो नऊच्या खाली आला की मग संच.

चाचणी चालत्या पाण्यावर घेऊन उपयोग नाही. दोन स्वच्छ बादल्या घ्याव्यात. दोन्हींत एकाच वेळी कालवलेले ताजे खारे पाणी भरावे, एकीत दगड ठेवावेत, दुसरी कोरी ठेवावी, दोन्ही झाकून तीन दिवस स्थिर राहू द्याव्यात. मग दोन्हींचा पीएच मोजावा. दगडाच्या बादलीतला आकडा कोऱ्या बादलीपेक्षा ०.२ हून अधिक वर नसेल तर दगड तयार आहेत असे मी मानतो. कोरी बादली नसेल तर वाढ दगडामुळे झाली की मिठाच्या मिश्रणामुळे, हे कळणार नाही. केवळ आरओच्या पाण्यात ही चाचणी घेणाऱ्यांची मात्र उगाच निराशा होते: त्या पाण्यात पीएच धरून ठेवणारे क्षार नसल्यामुळे नखभर चुन्यानेही आकडा उसळतो.

ज्यांना आत डोकावायचे आहे त्यांनी बांधकाम अभियंत्यांची एक चाचणी उसनी घ्यावी. शाळेच्या प्रयोगशाळेत असते ते फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण घेऊन, बाजूला ठेवलेला टवका मधोमध फोडून त्याच्या ताज्या तोंडावर दोन थेंब सोडावेत. चुना शिल्लक असलेला भाग गडद गुलाबी होतो. कार्बोनेट झालेला भाग जसाच्या तसा पांढरा राहतो. चार-पाच आठवड्यांच्या तुकड्यात बाहेरून बारीक पांढरी किनार आणि आत गुलाबी गाभा असे चित्र दिसते, छिद्राभोवतीही तशीच पांढरी कड असते. गुलाबी गाभा पाहून घाबरू नये. तो कित्येक महिने राहतो. पांढरी किनार आतला चुना रोखून धरते आहे की नाही, याचा निवाडा बादली करते. हा थेंब टाकलेला तुकडा टाकीत घालू नये.

१०. टाकीत उतरवा

शेवटचे दोन दिवस दगड आरओच्या पाण्यात बुडवून काढावेत, ब्रशने घासून सुटे कण झाडावेत. टाकीच्या तळाला दिव्यांसाठीची प्लास्टिक जाळी, जिला दुकानदार एग क्रेट म्हणतात, ती अंथरावी, म्हणजे भार एका बिंदूवर येत नाही. दगड आधी आणि वाळू नंतर, हा क्रम उलटा करू नये: वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली गोबी मासा किंवा पिस्तुल झिंगा बीळ करतो आणि एके रात्री डोलारा कोसळतो. पाइपच्या कांड्या घालून दगड गुंफावेत, मग हाताने ढकलून पाहावे. जो दगड आता हलतो तो पुढेही हलेल.

११. जिवाणू रुजवा

आपला दगड आतापर्यंत निर्जीव आहे. पाण्याची घनता १.०२५ आणि तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस राखून, अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्यावा आणि जिवाणूंची बाटली, किंवा त्याहून चांगले म्हणजे ओळखीच्या निरोगी टाकीतली मूठभर वाळू, घालावी. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो, मग तोही उतरतो. साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात दिवसाआड पीएच पाहावा, तो ८.५ च्या वर चिकटून राहिला तर दगड कच्चे आहेत असे समजून थोडे पाणी बदलावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच पहिला मासा, आणि तोही एकच.

पहिल्या दोन महिन्यांत दगडांवर तपकिरी थर येतो, मागोमाग हिरवे शेवाळ येते. नव्या दगडावर हे व्हायचेच. गोगलगायी सोडाव्यात, दिवे सहा-सात तासांवर आणावेत आणि दगड बाहेर काढून घासण्याचा विचार सोडून द्यावा, कारण त्यासोबत रुजू लागलेले जिवाणूही निघून जातात. गुलाबी-जांभळ्या कोरलाइन शेवाळाचा एखादा खरवडलेला कपटा जुन्या टाकीतून आणून पंपाच्या प्रवाहात सोडला तर काही महिन्यांनी दगडांवर ठिपके उमटू लागतात. बहुधा आधी सावलीच्या बाजूला, कमानीच्या पोटाशी. प्रवाळांची घाई करणाऱ्यांनी निदान ते ठिपके दिसेपर्यंत थांबावे, आणि पहिला प्रवाळ झोआंथससारखा काटक असावा.